व्हर्जिनिया विरुद्ध व्हर्जिनिया: संस्थेतल्या फाइली आणि राज्याचं कवच

रिचमंडकर

विशेष मुलांच्या शाळांच्या धाग्यावर 'आजोळ' यांनी विचारलं होतं की अमेरिकेत दिव्यांगांच्या हक्कांसाठी थेट राज्य सरकारला कोर्टात खेचता येतं का. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं. त्या धाग्याचं वाटोळं नको म्हणून वेगळा धागा काढतेय. मी वकील नाही. पण व्हर्जिनियात बरीच वर्षं आहे, दिव्यांग मुलांच्या पालकांच्या गटात आहे, आणि खाली सांगतेय तो खटला आमच्याच राज्यातला म्हणून निकालपत्र मुळातून वाचलंय.

थोडक्यात उत्तर: खेचता येतं. पण कोण खेचतंय, कोणाला खेचतंय आणि मागतंय काय, यावर सगळं अडतं.

२००६ मध्ये आमच्याकडच्या एका ऑफिसने सरकारी मनोरुग्णालयं आणि बौद्धिक दिव्यांगांच्या निवासी संस्थांमधल्या तीन प्रकरणांची चौकशी सुरू केली. दोन रुग्ण दगावले होते, तिसऱ्याला इजा झाली होती. ऑफिसचं नाव व्हर्जिनिया ऑफिस फॉर प्रोटेक्शन अँड ॲडव्होकसी, इथून पुढे 'व्होपा'. त्यांनी संस्थाप्रमुखांकडे मृत्यूनंतरच्या अंतर्गत आढाव्याचे कागद मागितले. म्हणजे घटना घडल्यावर डॉक्टर आणि अधिकारी आपापसात बसून कुठे काय चुकलं हे बघतात, त्याची टिपणं. संस्थांनी साफ नाही म्हटलं. राज्याच्या कायद्यात असे 'पीअर रिव्ह्यू'चे कागद गोपनीय असतात, ते बाहेर देता येत नाहीत, हे त्यांचं कारण. व्होपाचं म्हणणं, केंद्राच्या कायद्याने आम्हाला फाइली बघायचा हक्क दिलाय, त्यापुढे राज्याचा नियम चालत नाही. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं.

गोम अशी की व्होपा स्वतः व्हर्जिनिया राज्याचीच संस्था होती. म्हणजे राज्याचं एक ऑफिस राज्याच्याच दुसऱ्या खात्यावर केंद्राच्या न्यायालयात दावा लावतंय. आपल्याकडे जिल्हा परिषदेने मंत्रालयावर केस टाकली तरी बातमी होते, इथे तर घटनेचाच प्रश्न उभा राहिला.

अशी ऑफिसं आली कुठून हे आधी सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर विलोब्रुक नावाची सरकारी संस्था होती, बौद्धिक दिव्यांग मुलांची. बांधली चार हजारांसाठी, १९६०च्या दशकात आत सहा हजारांवर माणसं. १९६५ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी अचानक तिथे गेले, बाहेर येऊन जाहीरपणे संतापले. फारसं काही हललं नाही. १९७२ मध्ये हेराल्डो रिव्हेरा हा टीव्हीचा तरुण वार्ताहर कॅमेरा घेऊन आत घुसला. नोकरीवरून काढलेल्या एका डॉक्टरकडे एका इमारतीची किल्ली राहून गेली होती, त्या किल्लीने. उघडी मुलं, फरशीवरची घाण, कोपऱ्यात अंग घुसळत बसलेली पोरं हे सगळं लोकांनी घरी बसून बघितलं. १९७५ मध्ये संसदेने कायदा केला: विकासात्मक दिव्यांगत्वासाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर प्रत्येक राज्यात एक स्वतंत्र 'प्रोटेक्शन अँड ॲडव्होकसी' संस्था हवी. १९८६ मध्ये मनोरुग्णांसाठी तसाच दुसरा कायदा आला. त्या डॉक्टरची किल्ली या कायद्यांनी अधिकृत करून टाकली, असं मी समजते. संस्थेत शिरायचं, रुग्णांशी बोलायचं, तक्रार असेल किंवा संशयाला जागा असेल तर नोंदी मागायच्या. पहिल्या कायद्यात तर मुदतीही आहेत, एरवी कामाचे तीन दिवस आणि मृत्यू झाला असेल किंवा जिवाला तातडीचा धोका असेल तर चोवीस तास.

ही संस्था सरकारी ठेवायची की खाजगी ना-नफा, हे केंद्राने राज्यांवर सोडलं. बहुतेकांनी खाजगी काढल्या. निकालाच्या वेळी फक्त आठ राज्यांनी सरकारी ठेवल्या होत्या, त्यात आम्ही. पण सरकारी असली तरी गव्हर्नरच्या ताटाखालचं मांजर होऊ नये अशी तजवीज होती. मंडळावर गव्हर्नरची माणसं एक तृतीयांशाहून जास्त नाहीत, वकील स्वतःचे, राज्याच्या ॲटर्नी जनरलला विचारायची गरज नाही.

आता कवचाकडे, म्हणजे राज्याला त्याच्या संमतीशिवाय कोर्टात खेचता येऊ नये या संरक्षणाकडे. अमेरिकेच्या घटनेची अकरावी दुरुस्ती ही १७९५ची. तिच्या मागे एक उधारीचं प्रकरण आहे. स्वातंत्र्ययुद्धात जॉर्जिया राज्याने साउथ कॅरोलिनातल्या एका व्यापाऱ्याकडून माल घेतला, पैसे दिले नाहीत. व्यापारी वारला, त्याच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक चिझम याने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. जॉर्जिया हजरच झालं नाही. १७९३ मध्ये निकाल चिझमच्या बाजूने लागला आणि राज्यांचा भडका उडाला. जॉर्जियाच्या खालच्या सभागृहाने तर विधेयकच मंजूर केलं की हा निकाल अमलात आणायला जो येईल त्याला फाशी! (वरच्या सभागृहात तो अडकला.) दोन वर्षांत घटनादुरुस्ती झाली: दुसऱ्या राज्याच्या किंवा परदेशाच्या नागरिकाने राज्यावर लावलेला दावा फेडरल कोर्टाने ऐकायचा नाही. पुढे १८९०च्या निकालाने स्वतःच्या नागरिकांनाही त्यात ओढलं, जे दुरुस्तीच्या अक्षरात कुठेही नाही.

मग पळवाट काय? १९०८ चा 'एक्स पार्टे यंग'. मिनेसोटाने रेल्वेची भाडी कायद्याने उतरवली, भागधारक कोर्टात गेले, आणि कोर्टाने राज्याचे ॲटर्नी जनरल एडवर्ड यंग यांना मनाई हुकूम दिला. यंग यांनी तो मोडला, कोर्टाने त्यांना अवमानाखाली ताब्यात घेतलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अधिकारी जेव्हा अमेरिकेच्या घटनेच्या विरुद्ध वागतो तेव्हा तो 'राज्य' राहतच नाही, साधा माणूस होतो, त्यामुळे त्याला कवच नाही. चक्क मानीव गोष्ट आहे ही, सगळ्यांना माहीत आहे, पण अमेरिकेतली नागरी हक्कांची अर्धी इमारत तिच्यावर उभी आहे. अट एकच, मागणी पुढच्यासाठी हवी. 'इथून पुढे कायदा पाळ' असं म्हणता येतं, 'मागचे पैसे दे' असं नाही. १९७४ च्या एका निकालाने ती रेघ पक्की केली.

व्होपाने तेच केलं. राज्यावर नाही, खात्याचे आयुक्त स्टुअर्ट आणि संस्थाप्रमुखांवर दावा. मागणी फक्त फाइलींची. जिल्हा न्यायालयाने चालवून घेतलं, चौथ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे केंद्राच्या अपील कोर्टाचा विभाग) अपील कोर्टाने फेटाळलं. दरम्यान इंडियानातल्या तशाच सरकारी संस्थेच्या खटल्यात सातव्या सर्किटने नेमकं उलट सांगितलं होतं. म्हणून सर्वोच्च न्यायालयाला हात घालावा लागला.

१९ एप्रिल २०११. सहा विरुद्ध दोन, व्होपाच्या बाजूने. (न्या. केगन बाजूला राहिल्या.) बहुमताचं निकालपत्र स्कालिया यांचं, आणि हेच माझ्यासाठी आश्चर्य, कारण राज्यांच्या हक्कांचे ते मोठे कैवारी. त्यांचा तर्क सरळ आहे. हीच फाइल, याच अधिकाऱ्याकडे, खाजगी संस्थेने मागितली असती तर दावा चालला असता हे सगळ्यांना मान्य. मग मागणारा सरकारी आहे म्हणून राज्याचं नेमकं काय बिघडतं? कवच असतं ते राज्याला संमतीशिवाय प्रतिवादी करण्याविरुद्ध, म्हणजे तिजोरीला किंवा जमिनीला हात लागू नये म्हणून. राज्याच्या प्रतिष्ठेला बसणारा प्रत्येक धक्का म्हणजे कवचाचा भंग नव्हे. आणि असे दावे आधी का झाले नाहीत? कारण सरकारी संस्थेकडे राज्याविरुद्धचा केंद्रीय हक्कही असावा आणि राज्याच्या परवानगीविना कोर्टात जायची मुभाही असावी, हे दोन्ही एकत्र जुळून येणं दुर्मीळ.

मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स आणि अलिटो विरोधात. रॉबर्ट्स यांनी लिहिलंय की खाजगी माणसाने दावा लावणं आणि राज्याच्याच संस्थेने लावणं यात फरक आहे: जेवण आणि नरभक्षण यांच्यात असतो तो, किंवा खून आणि पितृहत्या यांच्यात. शेवटी पोट भरतं किंवा मुडदा पडतो हे सारखंच, पण कसं घडलं त्याकडे लक्ष जातंच. परक्याने कोर्टात खेचण्यापेक्षा भावाने खेचलेलं जास्त लागतं.

वाक्य भन्नाट आहे. तर्क मला पटत नाही. दोन माणसं सरकारच्या ताब्यात असताना मेली, आणि इथे घायाळ कोण, तर राज्याची प्रतिष्ठा!

———

खटपट्या

जबरी धागा. वाचनखूण साठवली आहे.

पण रॉबर्ट्स काकांची बाजू थोडी घेतो. तुम्ही म्हणता खाजगी संस्थेने मागितलं असतं तर चाललं असतं, मग सरकारीने का नको. उलट विचार करा. व्हर्जिनियाने ही संस्था सरकारी ठेवली, तिला पगार दिला, कायद्याने अधिकार दिले. तिचं आणि आरोग्य खात्याचं भांडण हे घरातलं भांडण. ते राज्याच्या कोर्टात मिटवा ना. त्यात केंद्राचा न्यायाधीश येऊन कोणाचं बरोबर ते ठरवणार, म्हणजे संघराज्य या कल्पनेलाच चूड. उद्या केंद्राने पैशाचं आमिष दाखवून प्रत्येक खात्यात आपला एक फितूर बसवला तर?

———

रिचमंडकर

@खटपट्या, आमिषाचा मुद्दा रॉबर्ट्स यांनीही छेडलाय, तो हलका नाही. पण पैसे राज्याने डोळे उघडे ठेवून घेतले. आणि सरकारी संस्था ठेवायचीच अशी सक्ती कोणाचीही नव्हती. खाजगी ठेवा, तरी पैसे मिळत होते. राज्याच्याच विधिमंडळाने या संस्थेला दावे लावायची मुभा कायद्यात लिहून दिली. मग त्या मुभेचा वापर झाला की फितुरी कशी?

राज्याच्या कोर्टाचं म्हणाल तर सातव्या सर्किटसमोरही हा प्रश्न होताच. हक्क केंद्राचा असेल तर त्याची दाद केंद्राच्या कोर्टात का नसावी, याचं समाधानकारक उत्तर मला कुठे दिसलं नाही.

अलिटोंबद्दल एक मजेशीर गोष्ट वर लिहायची टाळली होती, धागा लांबला म्हणून. ते २००० साली तिसऱ्या सर्किटमध्ये अपील न्यायाधीश असताना पेनसिल्व्हेनियाच्या अशाच संस्थेचा खटला त्यांच्यापुढे आला. तीच भांडणं, पीअर रिव्ह्यूचे कागद द्यायचे की नाही. निकालपत्र अलिटोंनीच लिहिलं: केंद्राचा कायदा राज्याच्या गोपनीयतेवर मात करतो, कागद द्या. ती संस्था खाजगी होती. म्हणजे फाइल बघण्याच्या हक्कावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. मागणारा कोण एवढ्यावरच त्यांचं मत बदललं.

———

सुतळी

एक शंका. २०११ च्या निकालात फाइली मिळाल्या की नाही? तुम्ही फक्त दावा चालवायचा की नाही एवढंच सांगितलंत.

———

रिचमंडकर

बरोबर पकडलंत. सर्वोच्च न्यायालयाने फक्त दार उघडं आहे एवढं ठरवलं. फाइली द्यायच्या की नाही हा मूळ मुद्दा त्यांनी हाताळलाच नाही, प्रकरण खाली परत पाठवलं. बघा, पाच वर्षं फक्त 'आम्हाला ऐकणार का' याच्यात गेली. कवचाचा खरा उपयोग राज्यांना हाच आहे असं आमच्या गटातल्या एक बाई म्हणतात, जिंकायला नाही, दमवायला.

———

वकीलसाहेब_नाही

नाव बघून घाबरू नका, मी कॅलिफोर्नियात आहे आणि कायद्याची पदवी घेऊन दुसरंच काम करतो.

रिचमंडकर ताईंनी 'पुढच्यासाठी' आणि 'मागचं' ही जी रेघ सांगितली तिच्यावर अजून बोलायला हवं, कारण दिव्यांगांना खरा फटका तिथे बसतो. २००१ चा गॅरेट खटला घ्या. अलाबामा विद्यापीठाच्या रुग्णालयात नर्सिंग विभागाच्या संचालक असलेल्या पॅट्रिशिया गॅरेट. स्तनाचा कर्करोग झाला, उपचारासाठी रजा, परत आल्यावर पद गेलं, कमी पगाराची जागा. एडीए कायद्याखाली (दिव्यांगांशी भेदभाव करायला बंदी घालणारा केंद्राचा कायदा) नुकसानभरपाई मागितली. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं, विद्यापीठ म्हणजे राज्य, आणि नोकरीच्या बाबतीत राज्याचं कवच काढून घ्यायला संसदेकडे पुरेसा आधार नव्हता. कायद्यात संसदेने 'राज्यांना कवच नाही' असं शब्दशः लिहिलेलं असूनही.

तीन वर्षांनी टेनेसी विरुद्ध लेन. जॉर्ज लेन अपघातानंतर व्हीलचेअरवर होते. फौजदारी प्रकरणात त्यांना पोक काउंटीच्या कोर्टात बोलावलं. कोर्ट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या तारखेला ते पायऱ्या हातांनी रांगत चढले. पुढच्या तारखेला म्हणाले, रांगणार नाही आणि कोणी उचलून नेलेलंही चालणार नाही. तर गैरहजर म्हणून अटक! खालीच बसलेले असताना. याच दाव्यात बेव्हर्ली जोन्स नावाच्या कोर्ट रिपोर्टर होत्या, त्याही व्हीलचेअरवर, त्यांना कामाच्या ठिकाणी पोहोचताच येत नव्हतं. इथे पाच विरुद्ध चार उलट बाजूला पडले, ओ'कॉनर बाई फिरल्या. न्यायालयात पोहोचणं हा मूलभूत हक्क, म्हणून तिथे राज्याचं कवच गळतं, भरपाई मागता येते.

म्हणजे एकाच कायद्यात नोकरी गेली तर भरपाई नाही, कोर्टाची पायरी चढता आली नाही तर आहे. कोणत्या हक्काला किती वजन, हे दरवेळी नव्याने तोलायचं.

एक वाट मात्र बऱ्यापैकी भक्कम आहे. १९८५ मध्ये एका मनोरुग्णालयाविरुद्धच्या खटल्यात (अटास्काडेरो) न्यायालयाने पुनर्वसन कायद्याखालीही (केंद्राचा पैसा घेणाऱ्यांनी दिव्यांगांशी भेदभाव करायचा नाही, असं सांगणारा) राज्याला कवच दिलं. संसदेने पुढच्याच वर्षी कायदा बदलला: केंद्राचा पैसा घेतलात की या कायद्यापुरतं कवच सोडलं. त्यामुळे इथले वकील एडीएबरोबर पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ हमखास जोडतात.

———

खटपट्या

लेनचं प्रकरण वाचून सुन्न. खालीच बसलेला माणूस गैरहजर. याला म्हणतात सरकारी डोकं. जगभर एकच कारखाना असावा.

———

आजोळ

माझ्या प्रश्नावरून एवढा मोठा धागा निघाला, आभार रिचमंडकर. मी पुण्यात असते, माझा भाचा न्यू जर्सीत आहे त्याच्यासाठी विचारलं होतं.

आपल्याकडे हे कवच वगैरे असतं का हो? की आपल्याकडे सरकारवर खुशाल दावा करता येतो? म्हणजे करता येतो हे माहीत आहे, निकाल लागतो का हा प्रश्न.

———

कडूगोड

@आजोळ, निवृत्त सरकारी वकील आहे, त्यामुळे हे माझ्या आवडीचं.

आपल्या घटनेच्या अनुच्छेद ३०० मध्ये स्वच्छ लिहिलंय, केंद्र आणि राज्य यांच्यावर त्यांच्या नावाने दावा लावता येतो. आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०ची दोन महिन्यांची नोटीस द्यायची एवढंच. पण त्यातही कंपनी सरकारच्या काळापासूनचं एक शेपूट आहे. 'सार्वभौम कृत्य' असेल तर भरपाई नाही. त्याचा कळस म्हणजे १९६५ चा कस्तुरीलाल खटला. मेरठला पोलिसांनी एका सराफाला संशयावरून पकडलं, शंभराहून जास्त तोळे सोनं आणि चांदी जप्त करून मालखान्यात ठेवली. सराफ सुटला, चांदी मिळाली. सोनं घेऊन मालखान्याचा हवालदार पाकिस्तानात पळाला होता. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की पोलिसांचा निष्काळजीपणा झाला, आणि तरी भरपाई नाकारली, कारण अटक आणि जप्ती हे सार्वभौम काम! न्यायालयानेच तिथे म्हटलं की विधिमंडळाने याबाबत कायदा करावा. तो काही झाला नाही.

पुढे न्यायालयाने वळण घेतलं. १९९३ च्या नीलाबती बेहेरा खटल्यात, पोलीस कोठडीतल्या मृत्यूबद्दल, सांगितलं की मूलभूत हक्काचा भंग असेल तर रिट याचिकेत भरपाई मिळते, तिथे सार्वभौमत्वाची सबब चालत नाही. १९९४ च्या नागेंद्र राव निकालाने कस्तुरीलालचा जीव बराच काढला. म्हणजे आपल्याकडे कवच पातळ आहे. अमेरिकेसारखं घटनादुरुस्तीत कोरलेलं नाही.

आपल्याकडे कमी पडतं ते दुसरीकडे. २०१६ च्या दिव्यांग कायद्याखाली राज्य आयुक्त असतात, आपले पुण्यातच बसतात. त्यांना दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत, साक्षीदार बोलावता येतात, कागद मागवता येतात. पण शेवटी द्यायची ती शिफारस. खात्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, न स्वीकारलं तर कारण द्यायचं. आता हे आयुक्त नेमतं कोण? ज्यांच्याविरुद्ध तक्रार असते तेच सरकार. व्होपासारखं 'आमचे वकील आमचे, आम्ही कोर्टात जातो' हे त्यांच्याकडे नाही. मला तरी आयुक्तांनी स्वतःच्याच सरकारवर दावा ठोकल्याचं पाहायला मिळालेलं नाही.

एरवाडी आठवतं का कोणाला? तामिळनाडू, ऑगस्ट २००१. मनोरुग्णांच्या खाजगी निवाऱ्याला आग लागली, रुग्ण साखळीने बांधलेले होते, २८ जण जळून गेले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. आगीनंतर. आत शिरायचा कायदेशीर हक्क असलेला माणूस आधीच नेमलेला असता तर, हाच या धाग्याचा मुद्दा आहे असं मला वाटतं.

———

सुतळी

कडूगोड काका, प्रतिसाद आवडला. पण थोडं अमेरिकेचंही गुलाबी चित्र होतंय. पेनहर्स्टचं नाव कोणीच काढलं नाही?

पेनसिल्व्हेनियात पेनहर्स्ट नावाची विलोब्रुकचीच बहीण. १९७४ मध्ये तिथल्या एका मुलीच्या नावाने दावा लागला, जिल्हा न्यायालयाने परिस्थिती अमानुष ठरवली. प्रकरण दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि दोन्ही वेळा रुग्ण हरले. १९८१ मध्ये सांगितलं, कायद्यातला 'दिव्यांगांचे हक्क' हा भाग नुसती इच्छा आहे, त्यावरून दावा होत नाही. हा कायदा कोणता? रिचमंडकर ताईंनी सांगितला तोच १९७५चा! मग वकिलांनी राज्याच्या कायद्याचा आधार घेतला, तर १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार: राज्याचा अधिकारी राज्याचाच कायदा मोडत असेल तर फेडरल कोर्टाने त्याला हुकूम करायचा नाही. कवच आडवं आलं. शेवटी तडजोड झाली आणि १९८७ मध्ये संस्था बंद पडली.

आता त्या जागेवर काय आहे सांगू? हॅलोविनला भुताची जत्रा भरते. तिकीट काढून लोक भ्यायला जातात. 'वेड्यांचं इस्पितळ' हा त्याचा विषय. खरी माणसं तिथे बांधून ठेवलेली होती, हे ठाऊक असूनही. अमेरिकन बाजारपेठ काय विकेल याचा नेम नाही.

———

वकीलसाहेब_नाही

सुतळी, पेनहर्स्ट आणलंत ते बरं झालं. व्होपाचा दावा टिकला त्याचं कारणही तिथेच आहे. 'रुग्णांना बरं वागवा' हा हक्क न्यायालयाला धूसर वाटला, पण 'या संस्थेला या नोंदी द्या' हे कायद्यात खणखणीत लिहिलेलं आहे. हक्क माणसाला न देता पहारेकऱ्याला दिला की अंमलबजावणी होते. मला हे बरोबर वाटत नाही, पण चालतं हे खरं.

आणि हल्ली माणसाने स्वतः दावा लावायची वाट अजून अरुंद होत चालली आहे. मेडिकेडचे (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) दर कमी आहेत म्हणून सेवा देणाऱ्यांनी आयडाहोवर लावलेला दावा २०१५ मध्ये गेला, तोही स्कालियांच्याच लेखणीने. २०२३ मध्ये इंडियानातल्या एका नर्सिंग होमच्या प्रकरणात रुग्णाच्या बाजूने निकाल लागला, तर २०२५ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या मेडिकेड प्रकरणात परत दार लोटलं.

———

खटपट्या

म्हणजे पहारेकऱ्याचा पगार कोण देतो यावर सगळं आलं. केंद्राने उद्या पैसा बंद केला की पहारेकरी घरी.

———

रिचमंडकर

@खटपट्या, हो. या संस्था बहुतांश केंद्राच्या अनुदानावर चालतात, आणि त्यात काटछाट करायची भाषा अधूनमधून होते. त्याबद्दल कवचाचा कुठलाही निकाल काही करू शकत नाही.

व्होपाचं पुढे काय झालं ते सांगते. खटला जिंकल्यावर दोनेक वर्षांत राज्याने ती सरकारी संस्था गुंडाळली आणि २०१३ पासून काम खाजगी ना-नफा संस्थेकडे गेलं, आता नाव डिसॲबिलिटी लॉ सेंटर ऑफ व्हर्जिनिया. म्हणजे राज्याने स्वतःहूनच तो 'भाऊ' परका करून टाकला. आता नरभक्षणाचा प्रश्न नाही, दावे मात्र तसेच लागू शकतात.

आणि खटल्यातल्या एका संस्थेबद्दल. प्रतिवादींमध्ये सेंट्रल व्हर्जिनिया ट्रेनिंग सेंटरचे प्रमुख होते. लिंचबर्गजवळची ही संस्था. तिचं जुनं नाव 'व्हर्जिनिया स्टेट कॉलनी फॉर एपिलेप्टिक्स अँड फीबलमाइंडेड'. तीच जिथे कॅरी बक होती. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या सक्तीच्या नसबंदीला हिरवा कंदील दिला आणि न्या. होम्स यांनी 'मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या' असं लिहिलं. कॅरी मतिमंद नव्हतीच, तिच्यावर बलात्कार झाला होता आणि पाळणाऱ्या घराला तिची अडचण झाली होती. त्याच वर्षी शस्त्रक्रिया केली. व्हर्जिनियात या कायद्याखाली आठ हजारांच्या आसपास माणसांची नसबंदी झाली, १९७०च्या दशकापर्यंत.

त्यांना भरपाई मिळाली ती कोर्टातून नाही. २०१५ मध्ये विधिमंडळाने हयात असलेल्यांना प्रत्येकी २५ हजार डॉलर मंजूर केले. तोवर बहुतेक वारले होते. संस्था २०२० मध्ये बंद झाली, केंद्राच्या न्यायखात्याबरोबर २०१२ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर माणसं हळूहळू वस्त्यांमध्ये, छोट्या घरांमध्ये हलवत. त्या तडजोडीमागे १९९९ चा ऑल्मस्टेड निकाल, जॉर्जियातल्या दोन बायकांचा: समाजात राहणं शक्य आणि योग्य असताना माणसाला संस्थेत डांबून ठेवणं हा भेदभाव.

———

आजोळ

कॅरी बकचं माहीत नव्हतं. वाचून कसंतरी झालं.

भाच्याचा प्रश्न राहिलाच बाजूला. त्याच्या मुलाला, वय नऊ, ऑटिझम आहे, शाळेने मदतनीस काढून घेतलाय. आता शाळाही सरकारीच. मग तिलाही हे कवच?

———

वकीलसाहेब_नाही

नाही आजोळ ताई, तिथे निश्चिंत राहा. काउंटी, शहर, आणि बहुतेक राज्यांत शाळेचा स्थानिक बोर्ड यांना अकराव्या दुरुस्तीचं कवच नसतं, ते फक्त राज्याला. १९७७ च्या माउंट हेल्दी निकालात ओहायोच्या शाळा बोर्डाबाबत हे स्पष्ट झालं. अपवाद आहेत, आमच्या कॅलिफोर्नियात शाळा जिल्हे राज्याचाच हात मानले जातात. न्यू जर्सीत बोर्ड स्थानिक असतो. शिवाय विशेष शिक्षणाच्या कायद्यापुरतं राज्याचंही कवच संसदेने १९९० मध्ये काढून घेतलंय.

पण भाच्याला लगेच कोर्टाकडे धाडू नका. मदतनीस आयईपीत (मुलासाठी शाळेने लेखी ठरवलेली शिक्षण योजना) लिहिलेला होता का हे आधी बघायला सांगा. लिहिलेला असेल तर मीटिंग न घेता, लेखी नोटीस न देता काढता येत नाही. नोटीस आली नसेल तर ती लेखी मागायची, ईमेलवर, फोनवर नाही. मग राज्याच्या शिक्षण खात्याकडे तक्रार किंवा 'ड्यू प्रोसेस' सुनावणी. सुनावणी मागितली की वाद मिटेपर्यंत आधीची व्यवस्था तशीच ठेवावी लागते, त्यामुळे ती तारीख लांबवू नका.

———

रिचमंडकर

@आजोळ, आणि न्यू जर्सीच्या प्रोटेक्शन अँड ॲडव्होकसी संस्थेला फोन करायला सांगा. फी नाही. प्रत्येक प्रकरण घेतीलच असं नाही, दरवर्षी त्यांचे प्राधान्यक्रम ठरलेले असतात, पण सल्ला तरी देतात. फोन करताना आयईपीची प्रत आणि शाळेशी झालेले सगळे ईमेल समोर ठेवायला सांगा, पहिल्याच फोनवर तारखा विचारतात.